औषध आणि अखेरचा हात

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर प्रथम पेण लागते. पुढे वडखळ आणि नागोठणे मागे टाकून कोलाडपाशी उजवीकडे वळले म्हणजे कुंडलिकेच्या काठचे रोहे येते. पेणची कीर्ती तेथील गणेशमूर्तींनी देशोदेशी नेली, रोह्याचे नाव धाटावच्या रासायनिक कारखान्यांमुळे सर्वांच्या ओळखीचे झाले. परंतु या दोन गावांच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या मनुष्याला या दोहोंहूनही निकडीची अशी एक वास्तू दोन्हीकडे आहे, आणि ती म्हणजे शासनाचे उपजिल्हा रुग्णालय. खारपाटात लावणीच्या दिवसांत बांधावर फुरसे डसलेला शेतकरी, डोंगरातील कातकरी वाडीवरून प्रसूतीसाठी आणलेली स्त्री, महामार्गावरील अपघातात सापडलेला परमुलखातला प्रवासी, तापाने फणफणलेले मूल, या सर्वांची पहिली धाव तेथे असते. आणि तेथे निभाव लागला नाही तरच अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाची किंवा मुंबईची वाट धरावयाची असते.

अशा कोणत्याही रुग्णालयातील रात्रपाळीचे चित्र वाचकाने डोळ्यांसमोर आणावे. सायंकाळच्या पाळीची सिस्टर ‘ओव्हर’ देऊन, म्हणजे प्रत्येक खाटेवरील रुग्णाची हकीकत पुढच्या सिस्टरच्या हवाली करून, घरी गेलेली आहे. डॉक्टर अपघात विभागात गुंतले आहेत. आणि कक्षात एकटी अधिपरिचारिका औषधांचा ट्रे घेऊन एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे चालली आहे. तिच्या हातातील औषध तेथवर पोहोचण्यापूर्वी फार दूरचा प्रवास करून आलेले असते: ते कारखान्यात तयार झाले, सरकारी भांडारात उतरले, डॉक्टरांच्या लेखणीतून केसपेपरावर आले, औषधनिर्मात्याच्या खिडकीतून कक्षाच्या कपाटात गेले, आणि तेथून तिच्या ट्रेमध्ये आले. या मार्गावर कोणाचाही हात चुकला तरी पुढच्याला ती चूक पकडता येते. डॉक्टरांनी मात्रा अधिक लिहिली तर औषधनिर्माता शंका घेऊ शकतो, औषधनिर्मात्याने भलतीच बाटली दिली तर परिचारिका ती परत पाठवू शकते. परंतु परिचारिकेच्या हातून जी चूक होते ती अडवण्यास तिच्यापुढे कोणी उभे नसते. तिच्यापुढे केवळ रुग्णाचा दंड असतो. औषध देण्यातील चुकांचा विचार करताना ही गोष्ट आरंभीच ध्यानात धरावयास हवी. परिचारिकेच्या नावावर ज्या चुका जमा होतात त्यांपैकी पुष्कळांचा उगम तिच्यापाशी नसतो. त्या केवळ तिच्या हातून उघडकीस येतात.

दक्षतेची फोड

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधी द्रव्य, परिचारक आणि रोगी. या चौघांपैकी प्रत्येकाच्या ठायी चार-चार गुण असावेत अशी चरकाची अपेक्षा असून परिचारकाकडून तो शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता यांची मागणी करतो. आधुनिक रुग्णालयाने या ‘दक्षता’ नामक गुणाची फोड करून तिचे पाच प्रश्न बनवले आहेत, आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही ते मुखोद्गत असतात: रुग्ण योग्य आहे काय, औषध योग्य आहे काय, मात्रा, मार्ग आणि वेळ योग्य आहे काय. दिलेल्या औषधाची योग्य नोंद हा सहावा प्रश्न पुढे त्यांत मिळवण्यात आला. हे प्रश्न ऐकावयास इतके सोपे वाटतात की त्यांत चुकणारी व्यक्ती बेफिकीरच असली पाहिजे, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. तथापि प्रत्येक प्रश्नाच्या आत शिरून पाहिले म्हणजे चूक कोणत्या फटीतून आत येते ते दिसू लागते.

रुग्णाच्या ओळखीचाच प्रश्न घ्यावा. पेण-अलिबागच्या पट्ट्यात पाटील, म्हात्रे आणि ठाकूर ही आडनावे घरोघर आढळतात, कातकरी वाड्यांवर वाघमारे, पवार आणि जाधव पुष्कळ असतात, आणि एकाच कक्षात एकाच नावाच्या दोन स्त्रिया शेजारी-शेजारी असणे हे मुळीच अपूर्व नाही. “तुम्हीच ना पाटील मावशी?” असे विचारले असता अर्धवट झोपेत असलेली, किंवा सरकारी दवाखान्याच्या धाकाने संकोचलेली स्त्री “हो” म्हणून जाते, कारण मोठ्या माणसाच्या प्रश्नाला होकार देणे हेच तिला सभ्यपणाचे वाटते. यास्तव अनुभवी सिस्टर असा प्रश्न करीतच नाही. “मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव कोणतं?” असे ती विचारते, आणि उत्तर आले की ते केसपेपरावरील नावाशी आणि नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहते. दोन प्रश्नांत अंतर केवळ शब्दांच्या रचनेचे आहे. पण पहिल्यात रुग्ण सिस्टरच्या समजुतीला मान डोलावतो, तर दुसऱ्यात तो तिच्या समजुतीची परीक्षा घेतो.

औषधाच्या ओळखीत याहून सूक्ष्म धोके आहेत. इंजेक्शनची भुकटी विरघळवण्यासाठी वापरावयाचे निर्जंतुक पाणी प्लास्टिकच्या लहान कुपीत येते. पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावणही तशाच आकाराच्या कुपीत येते, आणि मंद प्रकाशात, घाईच्या वेळी, एकीच्या जागी दुसरी हातात येणे कठीण नाही. पाणी निरुपद्रवी, परंतु पोटॅशियमचे ते द्रावण सलाईनमध्ये मिसळून सावकाश सोडण्याऐवजी एकदम शिरेत गेले तर हृदय थांबते. ज्या देशांनी या अपघातांचा मनापासून विचार केला त्यांनी परिचारिकांना अधिक सावध राहण्याची ताकीद देऊन भागवले नाही, तर ही कुपी कक्षाच्या फळीवरूनच उचलून औषधभांडारात कुलपाआड ठेवली. प्रसूतिगृहात अशीच एक गफलत जगभर नोंदली गेलेली आहे: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी मातेला द्यावयाचे मेथर्जिन हे नवजात बालकाला द्यावयाच्या ‘के’ जीवनसत्त्वाच्या जागी टोचले जाते, आणि मग त्या कोवळ्या जिवाला आकडी येते, त्याचा श्वास अडतो. भारत सरकारच्या प्रसूतिगृहविषयक मार्गदर्शनात सात निरनिराळे ट्रे मांडून ठेवण्याची जी तजवीज आहे, ज्यात बालकाचा ट्रे वेगळा आणि औषधांचा ट्रे वेगळा असतो, तिचे मोल येथे कळते. मातेची कुपी बाळाच्या ट्रेमध्ये नसेल तर ती चुकून उचलता येणारच नाही.

मात्रेचा प्रश्न म्हणजे अंकगणिताचा प्रश्न होय, आणि रात्री तीन वाजता अंकगणित कोणालाही दगा देते. आपल्या देशात इन्सुलिन दोन प्रकारच्या शक्तीचे मिळते; एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेले आणि १०० एकके असलेले. त्यासाठीच्या सिरींजही निरनिराळ्या असून ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची असते. समजा, डॉक्टरांनी २० एकके लिहिली आहेत. ४० च्या सिरींजमध्ये २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्या सिरींजने १०० एककांच्या बाटलीतून औषध ओढले तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० एकके जातात, म्हणजे अडीच पट, आणि पहाटे त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. उलटपक्षी १०० च्या सिरींजने ४० च्या बाटलीतून ओढले तर २० ऐवजी केवळ ८ एकके मिळतात आणि साखर चढतच राहते. सिस्टरने ‘२०’ हा आकडा दोन्ही वेळा अचूकच वाचलेला असतो. लेखनातील ढिलाईही अशीच घातक ठरते: दशांशचिन्हापूर्वीचे शून्य गाळून ‘.५’ लिहिले की ठिपका दिसेनासा होऊन अर्ध्याचे पाच होतात, ‘१.०’ लिहिले की एकाचे दहा होतात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असा जो नियम केला, तो याच अनर्थाच्या निवारणासाठी फार उपयोगी आहे.

मार्गाची चूक किती भयंकर असते ते रायगडच्या माणसाला सर्पदंशाच्या उदाहरणावरून लवकर उमगेल. सर्पविषावरची लस शिरेतून देताना काही रुग्णांच्या शरीराची तिच्यावर तीव्र प्रतिक्रिया होते, अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो. आणि त्यासाठी अ‍ॅड्रिनलीनची सिरींज उशाशी भरून ठेवण्याचा शिरस्ता आहे. हे अ‍ॅड्रिनलीन मांडीच्या स्नायूत, अर्धा मिलिग्रॅम, दिले म्हणजे प्राण वाचवते. तेच पातळ न करता एकदम शिरेत गेले तर हृदयाची लय बिघडवून प्राण घेऊ शकते. औषध तेच, मात्रा तीच, रुग्ण तोच. वाट मात्र बदलली.

वेळेच्या प्रश्नात औषध दिल्यानंतरची देखरेखही अंतर्भूत आहे, आणि या बाबतीत रायगड जिल्ह्याजवळ स्वतःची एक थोर परंपरा आहे. १९७६ साली, हा जिल्हा अद्याप कुलाबा म्हणून ओळखला जात असता, डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, आणि लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांच्या उशाशी रात्रीमागून रात्री बसून त्यांनी त्या विषाने हृदयावर होणारा परिणाम टिपून काढला. पुढे प्राझोसिन या औषधाच्या योगे त्यांनी त्या मृत्यूंना जो आळा घातला तो जगन्मान्य झाला. परंतु प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रुग्ण एकदम उठून बसला तर त्याचा रक्तदाब उतरून तो कोसळण्याचा संभव असतो. म्हणून गोळी देणारी सिस्टर त्याला पडून राहावयास सांगते आणि नाडी-रक्तदाब पाहत राहते. तीच गोष्ट गरोदरपणातील झटक्यांवर देण्यात येणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची. पुढची मात्रा देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे काय, श्वास मिनिटाला १६ हून कमी तर झाले नाहीत ना, लघवी पुरेशी होते आहे ना, हे तपासावेच लागते, आणि उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावे लागते. औषध टोचले म्हणजे काम संपले असे मानणारीच्या हातून येथे नियमाप्रमाणे दिलेली मात्राही घातक ठरू शकते.

तीन चौकश्या

आता चूक झाल्यानंतर समाज काय करतो ते पाहू. कारण पुढील चुका टळतात किंवा वाढतात त्या यावरच.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. ही लस मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली होती. त्याच हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्रथम स्वतःच्या अंगावर तिचा प्रयोग केला होता. त्यानंतर ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः जाबजबाबांतच असे नमूद होते की बाटली उघडतेवेळी मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरण्यात आला होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला, त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले, आणि १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. या प्रकरणात साखळीच्या पहिल्या कडीला शिक्षा झाली आणि अखेरच्या कडीपाशी जे घडले त्याकडे पाच वर्षे कोणी पाहिले नाही.

दुसरी चौकशी मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयातील होय. १९८६ च्या आरंभी तेथे ग्लिसरॉल देण्यात आलेल्या रुग्णांपैकी १४ जण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. कारण त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. ज्या परिचारिकांनी ते दिले त्यांनी योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, योग्य मार्गाने, योग्य वेळी, केसपेपरावर लिहिलेलेच औषध दिले होते. पाचही प्रश्नांची उत्तरे बरोबर होती, तरीही ट्रेमध्ये मृत्यू होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने अखेरच्या हातापाशी न थांबता खरेदीचे दप्तर, तपासणीची प्रयोगशाळा, परवाने देणारे खाते आणि पुरवठादार या सर्वांपर्यंत माग काढला, आणि म्हणूनच ती चौकशी महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात आदर्श ठरली.

तिसऱ्या प्रकारची उदाहरणे अगदी अलीकडची आहेत. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील एका गावी पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांना हात धुण्याचे सॅनिटायझर पाजण्यात आले. सुदैवाने सर्व मुले बचावली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ठाण्याजवळ कळव्याच्या आरोग्य केंद्रात कोविडची लस घेण्यास आलेला एक मनुष्य चुकीच्या रांगेत उभा राहिला आणि केसपेपर न पाहताच त्याला श्वानदंशावरची लस टोचण्यात आली. दोन्ही ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या निलंबनाचा हुकूम झाला. कसूर झाली होती याविषयी वाद नाही, आणि उघड हयगयीला शिक्षा असू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु निलंबनाने एक व्यक्ती त्या टेबलापासून दूर होते. सॅनिटायझरची बाटली पोलिओच्या कुपीच्या शेजारी तशीच राहते आणि दोन रांगा एकाच खोलीत तशाच लागतात. मुलकोवालला केवळ पहिल्या कडीकडे पाहिले गेले. आज आपण केवळ अखेरच्या कडीकडे पाहतो. दोन्ही वेळा चूक एकच होते, की एक गुन्हेगार मिळताच चौकशी संपली असे मानले जाते.

चुकीची नोंद

या वृत्तीचा सर्वांत मोठा तोटा असा की ती चुका लपवावयास शिकवते. अमेरिकेत केनेथ बार्कर आणि वॉरन मॅकॉनेल यांनी १९६२ साली परिचारिकांच्या सोबत राहून दिल्या गेलेल्या मात्रांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा दप्तरी नोंदलेल्या चुकांच्या कित्येक पट चुका आढळल्या, आणि त्यांतील बहुतेक चुका झाल्याचे खुद्द करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. ज्या चुका ठाऊक असतात त्याही कैफियतीच्या भयाने सांगितल्या जात नाहीत. आणि न सांगितलेली चूक पुढच्या पाळीच्या सिस्टरसाठी जशीच्या तशी वाट पाहत बसते.

सांगितलेल्या आणि अभ्यासिलेल्या चुकांनी मात्र पुष्कळ शिकवले आहे. सिडनीच्या दोन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९८ परिचारिकांनी दिलेल्या ४,२७१ मात्रांचे निरीक्षण करून २०१० साली असे दाखवून दिले की औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययाबरोबर औषधविषयक चुका सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढत जातात. आपल्याकडील कक्षात नातेवाईक सलाईन संपल्याचे सांगावयास येतो, फोन वाजतो, दुसऱ्या खाटेवरचा रुग्ण हाक मारतो, आणि या सर्व हाका नेमक्या सिस्टर सिरींज भरीत असतानाच येतात. तेव्हा औषध भरण्याची जागा कक्षाच्या वर्दळीपासून बाजूला असावी, त्या दहा मिनिटांत सिस्टरला कोणी हाक मारू नये, इन्सुलिन, हेपॅरिन आणि मॅग्नेशियमसारख्या जोखमीच्या औषधांची मात्रा दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे मोजून पाहावी, ‘ओव्हर’ टेबलाशी बसून न देता खाटेशी उभे राहून द्यावी, आणि डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला आदेश सिस्टरने मोठ्याने उच्चारून पक्का करून घ्यावा, या व्यवस्थांना खर्च फारसा नाही. लागतो तो वरिष्ठांचा निश्चय आणि पुरेशा परिचारिका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी गंभीर व टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प सोडला तोही अशाच व्यवस्थांच्या भरवशावर. अधिसेविकेने महिन्यातून एकदा सर्व सिस्टरांना बसवून, कोणाचेही नाव न घेता, “या महिन्यात कोणती चूक होता होता राहिली?” एवढे जरी विचारले आणि उत्तरे वहीत उतरवली, तरी ती वही त्या रुग्णालयाच्या कपाटातील कोणत्याही औषधाइतकी मोलाची ठरेल.

चौथ्या पादाचा, म्हणजे रोग्याचा, विचार राहिला. चरकाने रोग्याच्या गुणांत आपली अवस्था नीट सांगण्याचे सामर्थ्य गणले आहे, आणि औषधाच्या बाबतीत त्या सामर्थ्याची किंमत फार आहे. परिचारिकेच्या पुढे साखळीत कोणी नाही असे आरंभी म्हटले, ते एका अर्थी अपुरे आहे. तिच्यापुढे रुग्ण आहे आणि त्याच्या उशाशी बसलेले आप्त आहेत. पेणच्या किंवा रोह्याच्या रुग्णालयात पहाटे एखाद्या म्हातारीने विचारले, “सिस्टर, काल गोळी पांढरी होती, आज गुलाबी कशी?” तर तो अविश्वास समजू नये, आणि तिच्या मुलाने तिला गप्पही करू नये. सिस्टरने ट्रे खाली ठेवावा, केसपेपर पुन्हा उघडावा, गोळीची पट्टी दिव्याखाली धरून वाचावी. बहुतेक वेळा कंपनी बदललेली असेल आणि औषध तेच निघेल. ते तसे निघाले तर म्हातारीला तसे सांगून, हातावर गोळी ठेवून, सिस्टर पुढच्या खाटेकडे जाईल. आणि एखाद्या रात्री ते तसे निघाले नाही, तर तो प्रश्न विचारण्याचे धैर्य त्या म्हातारीला आदल्या दिवशीच मिळालेले असेल.